खाणीच्या फाट्यावर

१२ जून

मेहुण्या,

मायना काय लिहावा या विचारात चहा गार झाला. 'प्रिय' लिहवेना. 'श्रीयुत' लिहिलं असतं तर तू हसला असतास, आणि तू हसावंस असं मला सध्या वाटत नाही. म्हणून जे नातं आहे तेच लिहिलं. ते जोडलं तुझ्या ताईने. ती गेली आणि तिच्या बाकीच्या पसाऱ्याबरोबर हेही मागे ठेवून गेली.

फोन तू उचलत नव्हतास, नंतर तर नंबरच बदललास. ठीक आहे. फोन कापता येतो, पत्र फाडायला निदान दोन हात लागतात. पत्ता प्लायवूडवाल्याने दिला. त्याच्यावर डाफरू नकोस. तो डोळे तपासायला आला होता, आणि नाकावर तपासणीची ती जड फ्रेम चढवून माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही, हा माझा धंद्यातला अनुभव आहे. तू फर्निचरच्या कारखान्यात आहेस, कपाटं करतोस, दुपारचा डबा एकटाच कोपऱ्यात बसून खातोस, एवढं त्याने सांगितलं. डब्याचं मी विचारलं नव्हतं.

कामाचं लिहितो. आई एप्रिलपासून माझ्याकडे राहायला आली आहे. जिन्यावरची ती जागा सोडली. जिना उतरताना शेवटची पायरी तिला दोनदा सापडली नाही, म्हणून. माझं घर तळमजल्यावर आहे आणि मला एकट्याला मोठं आहे, असं मी तिला सांगितलं. तिने 'जावयाच्या घरी किती दिवस' वगैरे केलं. मी म्हटलं, जावई आता घरात एकटाच भुतासारखा फिरतो, तुम्ही आलात तर निदान दिवे तरी लागतील. मग आली.

तुझी सायकल अजून माझ्या व्हरांड्यात छताला टांगलेली आहे. तुटलेली चेन लोंबते आहे, टेम्पोतून उतरवली तशीच. काल आईच्या कपाळाला तिचं हँडल लागलं आणि चांगलं टेंगूळ आलं. सात महिने सायकल तिथेच आहे. आई म्हणाली, 'अंधार होता हो.' सकाळचं लख्ख ऊन होतं.

तर सायकल घेऊन जा, नाहीतर कुणाला देऊ ते कळव. दोन ओळी पुरेत.

(अजून तरी) तुझा
भाऊजी


३ जुलै

मेहुण्या,

दोन ओळीही नाहीत. बरं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मीच लिहितो.

बातमी अशी की मी तुमच्या रविवारच्या सायकलवाल्या टोळीत गेलो. हो, मीच. रविवारी दहापर्यंत लोळणारा. तुम्ही भावंडं चिखलाने माखून परत आलात की दारातच वर्तमानपत्र अंथरणारा. ताईची सायकल घेतली आणि सीट वर केली. तिच्या उंचीच्या खुणेपाशी नळीवर एक चरा आहे, तो आता उघडा पडलाय. तिकडे बघत नाही.

पहिल्याच दिवशी तीनदा पडलो. एकदा कालव्याच्या कडेला, एकदा मक्याच्या शेतात, आणि एकदा उभ्याउभ्याच, कारण थांबल्यावर पाय खाली टेकवायचा असतो हे लक्षात राहिलं नाही. कुणी हसलं नाही. तेच मला जास्त लागलं. मी त्या टोळीवर इतकी वर्षं हसलोय. त्यांनी एकदा तरी फेड करायला हवी होती.

मग मी आपल्या म्होरक्याला, म्हणजे गुरांच्या डॉक्टरांना, विचारलं, 'तुमचे नियम एकदा मला नीट सांगा. सगळ्यांना वाटतं मला माहीत आहेत. मला काहीही माहीत नाही.' डॉक्टरांनी लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. सगळ्यात पुढे म्होरक्या, कारण त्याला वाट ठाऊक. वाटेला फाटा फुटला की म्होरक्याच्या पाठोपाठ जो असेल तो तिथेच थांबतो. तो खांब. त्याने योग्य वाटेकडे हात करून उभं राहायचं आणि मागचे सगळे पुढे निघून जाईपर्यंत हलायचं नाही. सगळ्यात शेवटी येतं ते शेपूट. शेपूट आलं की खांब त्याच्याबरोबर निघतो. आणि मुक्कामाला शेपूट पोचलं म्हणजे सगळे पोचले. डोकी मोजायची गरजच नाही.

'वीस वर्षं असंच चालत आलंय,' डॉक्टर म्हणाले. मग टायर दाबून बघत बसले. टायरमध्ये हवा भरपूर होती.

तू पोलिसांना सगळं सांगितलंस. डॉक्टरांना सांगितलंस. मला एक अक्षर सांगितलं नाहीस, आणि एक दिवस गाव सोडून गेलास. म्हणून मीच तुला सांगतो काय झालं ते. कुठे चुकलं तर दुरुस्त कर.

तू शेपूट होतास. धुकं उतरलं होतं. पवनचक्कीच्या चढावर तुझी चेन तुटली. जोडायची कडी विसरून आला होतास, नेहमीप्रमाणे. पुढचे सगळे धुक्यात दिसेनासे झाले. हाका मारून उपयोग नव्हता आणि सायकल ढकलत खाणीच्या फाट्यापर्यंत जायचं म्हणजे तास मोडला असता. तुला गुरांची वाट माहीत होती, खाली रस्त्याला लागणारी. तू ती धरलीस. दुधाची गाडी मिळाली. तू तळ्याकाठच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या आधी पोचलास आणि सूप मागवलंस.

मग बाकीचे आले, दोघेदोघे, तिघेतिघे, गारठलेले. दार उघडलं की समोर शेपूट बसलेलं. शेपूट आलं म्हणजे सगळे आले. त्यांनी हेल्मेटं काढली आणि सूप मागवलं. कुणाच्याही मनात आलं नाही की हे शेपूट त्या फाट्यावरून आलेलंच नाही.

आणि फाट्यावर खांब म्हणून तुझी ताई उभी होती.

तुला वाटलं ती थोडा वेळ थांबेल, कंटाळेल आणि खालच्या रस्त्याने परस्पर घरी जाईल, घर तिकडूनच जवळ आहे. दुसरं कुणी असतं तर गेलंही असतं. डॉक्टर म्हणतात, ते स्वतः गेले असते. पण मागे राहिलेलं शेपूट तिचा भाऊ होता. तिने सायकल दगडाला टेकवली आणि चालत परत वर गेली, तुला शोधायला. मेंढपाळाने ऐकलं. धुक्यात एक बाई 'छोट्या, छोट्या' करून हाका मारत होती. कुणाचं तरी लहान मूल हरवलंय असं त्याला वाटलं. तू चौतीस वर्षांचा होतास.

खाणीच्या कडेला तेव्हा कठडा नव्हता. आता आहे.

आईला यातलं मी काहीही सांगितलेलं नाही. धुकं होतं आणि पाय घसरला, एवढंच तिला ठाऊक आहे. शेपूट कोण होतं हे तिने विचारलं नाही आणि मी बोललो नाही. तिला वाटतं तू दुःखाने गाव सोडलंस आणि कामात गुंतलास. तेवढं तरी तिच्यापाशी राहू दे. हे मी तुझ्यासाठी करत नाही.

भाऊजी


२५ जुलै

मेहुण्या,

सायकलचं राहू दे. आज दुसरंच लिहायला बसलोय.

आईचा चष्मा बदलायचा म्हणून तिला दुकानात नेलं. मोठ्या अक्षरांचा तक्ता लावला. पहिली ओळ तिने घडाघडा वाचली, मला जरा शंका आली, तक्ता उलटा केला. उलट्या तक्त्यावरही तिने तीच ओळ घडाघडा वाचली. पाठ करून आली होती! माझ्या मागे दुकानात बसून बसून पोरंटोरं वाचतात ते ऐकलेलं. मी म्हटलं, 'आई, ही कॉपी झाली.' तर म्हणते, 'मग नापास करा, पण डॉक्टरकडे नेऊ नका.'

माझ्याकडे एक चौकटींचा कागद असतो. आडव्या-उभ्या रेघा, मधोमध एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. हे काही पाठ करून येत नाही. आई म्हणाली, 'रेघा वाकड्या का छापल्यात?' मग म्हणाली, 'ठिपका कुठाय?'

नेत्रतज्ज्ञाकडे नेलंच. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, दोन्हीकडे. उपाय नाही असं नाही, सुया देतात, दिल्याही, पण फार उशीर झालाय. कडेचं दिसत राहील. ती घरात वावरेल, दार-खिडकी दिसेल, ताट दिसेल. जे सरळ बघावं ते मात्र दिसणार नाही. म्हणजे अक्षर आणि माणसाचा चेहरा.

वीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांना समजावून सांगत आलोय, आवाज न चढवता. आईला सांगताना मला पाणी प्यावं लागलं. तिने विचारलं, 'किती दिवस?' मी म्हटलं, पानगळ सरेपर्यंत चेहरे ओळखू येतील कदाचित, त्यापुढे सांगता येत नाही. तिने बोटांवर काही हिशेब केला आणि म्हणाली, 'तोपर्यंत छोट्याला सुट्टी मिळेल ना?'

ऐकलंस? तुझ्या ताईचा चेहरा तिला परत दिसणार नाही. माझा दिसला काय आणि न दिसला काय, मी काही बघण्यासारखा नाही. तिला तुझा बघायचाय. मागणं एवढंच आहे.

मला तू इथे यायला नको आहेस, खरं सांगतो. तू जेवायला समोर बसलास तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. पण ही गोष्ट माझी नाही. ये आणि दोन दिवस राहा. मी दुकानात झोपेन.

भाऊजी


१९ ऑगस्ट

मागचं पत्र रजिस्टर्ड केलं होतं. पोचपावती आली, खाली तुझी सही. म्हणजे हात शाबूत आहे. मग बोटांना काय झालं?

आई रोज विचारते, पत्र आलं का. तुझ्या नावाने एखादं लिहून वाचून दाखवावं असा मोह होतो. पण तुझ्यासारखं लिहायला इतक्या चुका मला जमणार नाहीत, आणि तिचे कान तुला माहीत आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली बाई. खोटं आहे हे माझ्या पहिल्या वाक्याला कळेल तिला.

तू लाजतोयस, हे मला कळतं. मी काही दगड नाही. पण ऐक, लाज वाटायला दोन डोळे पाहिजेत समोर. ते चाललेत.


५ ऑक्टोबर

मेहुण्या,

परवाचा रविवार सांगतो. मग तुला वाटेल ते कर.

टोळी खाणीच्या बाजूला गेली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. पहाटे निघालो, कालव्याच्या काठाने. मका कापून झालाय, धसकटं टायरला टोचतात, आणि कुरणाचं फाटक उघडून बंद करून, उघडून बंद करून जीव जातो. बेकरीवाल्याने सगळ्यांसाठी पाव आणला होता, पाठीवरच्या पिशवीत, अजून गरम. तो पुढे गेला की मागच्याला भूक लागायची. म्हणून त्याला शेपूट केलं होतं. ताई असती तर 'पाठ सरळ ठेव, कमरेतून वाक' करत सगळ्यांना छळलं असतं. तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातले रोगी सुटायचे, टोळी सुटायची नाही. कुणीतरी तिची नक्कल केली आणि सगळे हसलो. मीही. हसलो आणि मग पुढचा सगळा चढ मला दम लागल्याचं निमित्त करून रडता आलं. सायकल यासाठी फार सोयीची आहे.

पवनचक्की ओलांडली. फाटा आला तेव्हा म्होरक्याच्या मागे मीच होतो. मुद्दाम नव्हे, उतारावर मला ब्रेक धरायची भीती वाटते आणि न धरायचीही. डॉक्टर थांबले. म्हणाले, 'चष्मेवाले, तुम्ही नको. मी उभा राहतो.' मी म्हटलं, 'नियम आहे ना? मग जा तुम्ही.'

उभा राहिलो. डावीकडे खाण, उजवीकडे तळ्याची वाट. उजवीकडे हात केला. एकेक करून सगळे गेले, जाताना कुणी माझ्या हँडलला हात लावला, कुणी खांद्याला. मग कुणी येईना. शेपूट येईना.

आकाश निरभ्र होतं. ऊन पाठीवर. बेकरीवाला तो काय, माझा कोण लागतो? पण त्या चढाकडे बघता बघता मला वाटायला लागलं की तो पडलाय, त्याचा पाय मोडलाय, तो मला हाक मारतोय आणि मला ऐकू येत नाही. मी सायकल दगडाला टेकवली आणि वर चालायला लागलो. तेवढ्यात आला शीळ वाजवत. बुटाची नाडी चेनमध्ये अडकली होती म्हणे. मी त्याला आयुष्यात कुणाला दिली नव्हती अशी शिवी दिली आणि त्याच्याच गळ्यात पडलो. पावाचा चुरा झाला.

इतके महिने मला वाटायचं, ही बाई नियमाची पक्की म्हणून मेली. नियमाची पक्की, हट्टी, स्वतःचंच खरं करणारी. मी मनातल्या मनात तिच्याशीही भांडलोय. ते नियमाचं नव्हतं रे. तिथे उभं राहिल्यावर मागच्या माणसाला टाकून जाताच येत नाही. तू तिथे कधी उभा राहिलेला नाहीस. शेपटाला खांब व्हावं लागत नाही. म्हणून तुला वाटलं ती निघून जाईल.

कॅन्टीनमध्ये डॉक्टरांनी मोठ्याने डोकी मोजली. आता मोजतात. मी त्यांना सांगितलं, यापुढे शेपूट मी.

आता मुख्य गोष्ट. आई म्हणते, त्याला सुट्टी मिळत नसेल तर मी जाते. मी पुष्कळ समजावलं. तिने बॅग भरली, त्यात उजव्या-डाव्या पायाचे दोन वेगळे मोजे भरले, आणि दारात जाऊन बसली. समोर बसलेल्या माणसाला आता ती मान जरा वळवून, कडेने बघते. सरळ बघितलं की तिथे नुसता धुरकट गोळा असतो म्हणे. मला ती आवाजावरून ओळखते. माझा अंदाज चुकला. पानगळ अजून सुरूच आहे.

गुरुवारी येतोय. कारखान्यातच येऊ. पळू नकोस.

भाऊजी


२१ ऑक्टोबर

मेहुण्या,

तू पळाला नाहीस. तेवढं तुझ्या बाजूने लिहून ठेवतो.

तिथे काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते ऐक. मालक एप्रनला हात पुसत आला. मी तुझं नाव सांगितलं. तो 'हो, तो काय...' म्हणून वळला आणि तुझं तोंड बघून पुन्हा हात पुसायला लागला. तू अर्ध्या केलेल्या कपाटापाशी उभा होतास, हातात पॉलिश पेपर, केसांत भुसा. दाढी वाढवलीस. आई तुझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिने मान वळवली, कडेने बघितलं, आणि विचारलं, 'तुम्ही इथेच काम करता का?'

आईने स्वतःच्या मुलाला 'तुम्ही' म्हटलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, नको म्हणून. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र एक नाही. 'माझा मुलगा पण इथेच आहे,' आई म्हणाली. 'चांगलं काम करतो का?' तू मान डोलावलीस. तिने कपाटाच्या दारावरून हात फिरवला, म्हणाली, 'छान गुळगुळीत केलंय,' आणि मालकाला म्हणाली, 'तो आला की सांगा, आई येऊन गेली.'

मी त्या वेळी काहीच का बोललो नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तुझी दया आली की तुला शिक्षा व्हावी असं वाटलं, देव जाणे.

बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. गाव मागे पडलं. मग म्हणाली, 'बारीक झालाय ना?'

मी म्हटलं, 'कोण?'

'आता मला बनवू नका. कपाटापाशी होता तो. दिसला नाही, पण उभा होता. लाइनवर माणूस गप्प राहिला तरी आहे की गेला हे मला कळतं, आणि हा तर रडत होता.'

मी विचारलं, 'मग हाक का नाही मारलीत, आई? एक हाक मारली असती तर आला असता तो.'

ती म्हणाली, 'एकीने मारल्या होत्या ना हाका. त्या तो आयुष्यभर ऐकणार आहे. त्यात आणखी माझी कशाला?'

मेहुण्या, तिला सगळं माहीत आहे. पहिल्या आठवड्यापासून. डॉक्टर तिला भेटायला गेले होते, तिच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले आणि मोठ्याने रडून सगळं सांगून मोकळे झाले. शेपूट, फाटा, सूप, मेंढपाळ, सगळं. मी म्हटलं, 'आणि तुम्ही मला कळू दिलं नाहीत?' तर म्हणते, 'तुम्ही इतकं जपून लपवत होतात, मला मोडवेना.' एवढं बोलून तिने पर्समधून रुमाल काढला, माझ्या हातात दिला आणि स्वतः बाहेर बघत राहिली. बाहेर तिला काय दिसत होतं कोण जाणे.

बरंच पुढे गेल्यावर आपण होऊन म्हणाली, 'माझी एक मुलगी गेली. तो मुलगा पण त्याच दिवशी गेला असं सगळे धरून चाललेत. तोही, तुम्हीही. मी नाही धरलेलं.'

आता माझं ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. केलंय असं लिहिलं असतं तर तुला यायला सोपं गेलं असतं, पण ते खोटं असतं आणि तू ते ओळखलं असतंस. रोज सकाळी दोन कप काढतो, मग आठवतं की दुसरा आईचा आहे, आणि तेवढ्या क्षणात मी तुझा द्वेष करतो. मला तिची फार आठवण येते. पुढे कधी हे कमी होईल का, माहीत नाही.

पण आई हाक मारणार नाही, तिने ठरवलंय. तुझी ताई मारू शकत नाही. राहिलो मी. म्हणून मी मारतोय. ये.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ये. त्या दिवशी टोळी पूर्ण फेरी करणार आहे, पवनचक्कीवरून तळ्यापर्यंत आणि पलीकडच्या टेकड्यांवरून परत. मी पहाटेच घराबाहेर पडेन. शेपूट आहे, सगळ्यांच्या मागून यायचं असतं, तेव्हा दिवे लागायच्या आत काही घरी पोचत नाही. सबंध दिवस घरात फक्त आई आहे. मी आलो तेव्हा तू असलास तर काय करीन ते आत्ता सांगता येत नाही. चहा टाकेन कदाचित. निघून गेला असलास तरी चालेल.

दार नुसतं ओढून घेतलेलं असेल, घंटा वाजवू नकोस, ती उठायला जाते आणि धडपडते. समोरच्या खोलीत खिडकीपाशी तिची खुर्ची आहे. आत आल्यावर तिथे उभा राहून तिच्याकडे बघत बसू नकोस. तिला तू दिसणार नाहीस. आत आलास की आधी बोल. काय बोलायचं ते ठरवून येऊ नकोस, काहीही बोल, फक्त बोल.

भाऊजी